पुरातल्या जुन्या फोटोला टेक्स्चर कसं द्यायचं? चेहरा मेणाचा दिसतोय

खणभागकर:

नमस्कार मंडळी. सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन, जे येईल ते. फोटोशॉप अजून ७ नंबरचंच वापरतो, हात त्यावर बसलाय आणि कॉम्प्युटरही त्याच वयाचा आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर "नवीन घ्या" हेच उत्तर दहा वेळा येतं.

काम असं. हरिपूरच्या एका आज्जींनी त्यांच्या यजमानांचा फोटो आणून दिला. ४ × ६ इंची, ब्लॅक अँड व्हाइट, मागं पेन्सिलीनं १९७८ लिहिलंय. यजमान हळदीच्या पेवाच्या तोंडाशी उभे, डोक्याला मुंडासं, पाठीमागं पोत्यांची थप्पी. लांबच्यांसाठी सांगतो, पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आत रांजणासारखं पोट. उतरायच्या आधी पेटता कंदील सोडायचा, विझला तर त्या दिवशी आत जायचं नाही. यजमानांचं आयुष्य त्याच कामात गेलं, असं आज्जी सांगत होत्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही फ्रेम भिंतीवरच राहिली. पूर ओसरल्यावर घरच्यांनी फोटो वाळू दिला आणि मग काच उचकटली. व्हायचं तेच झालं, डाव्या बाजूचं इमल्शन, म्हणजे कागदावरचा चित्राचा थर, काचेबरोबर निघून आलं. थप्पीचा निम्मा भाग म्हणजे आता कोरा कागद. चेहरा वाचलाय, पण त्यावर गाळाचे पिवळट डाग. त्यात कागद त्या काळचा सिल्क फिनिशचा, बारीक जाळीच्या उठावाचा. स्कॅन केला की फोटोभर चमकते ठिपके.

मी काय केलं ते सांगतो. ३०० डीपीआयला स्कॅन. हीलिंग ब्रशनं चेहऱ्यावरचे डाग पुसले. जाळी काही जाईना, म्हणून फोनवरच्या एका ॲपमधनं चेहरा साफ करून आणला आणि परत बसवला. थप्पी क्लोन स्टॅम्पनं भरली. १२ × १८ ची प्रिंट काढली. चेहरा असा तुकतुकीत, जसा काही गौरीचा मुखवटा. आज्जी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कोण रं? आमचं म्हातारं असं नव्हतं. डागाचा हुता तोच बरा हुता." पैसे घ्यायची लाज वाटली. घेतले नाहीत.

मला वाटलं, जुनेपणा गेला म्हणून असं झालं असेल. नेटवरनं तडकलेल्या कागदाचं टेक्स्चर उतरवलं आणि वरच्या लेयरला टाकून मोड, म्हणजे खालच्या लेयरमध्ये मिसळायची पद्धत, ओव्हरले केला. एक तडा बरोबर डोळ्यातनं गेला आणि सगळा फोटो मळकट तपकिरी झाला. मल्टिप्लाय केलं तर नुसता अंधार. ओपॅसिटी ३० वर आणली तर स्क्रीनवर झकास, प्रिंटमध्ये काहीच नाही.

तर जुन्या फोटोचं अंग परत आणायला तुम्ही कुठलं टेक्स्चर वापरता? आणि ते चेहऱ्यावर न चढता बसवायचं कसं? मूळ स्कॅन आणि माझी प्रिंट दोन्ही खाली टाकलेत. हसू नका.

फुकटचा_सल्ला:

एवढं काय त्यात? फिल्टर मेनूत टेक्स्चर, त्यात टेक्स्चरायझर. कॅनव्हास घ्या. बर्लॅप पण आहे, म्हणजे गोणपाटच की, पोत्यांना तेच पाहिजे. दोन मिनिटांचं काम. आज्जींना कुठं कळणार आहे.

माहुलीकर:

खणभागकर, आज्जींना कळलंय. तुम्हाला आणि मला कळायचं राहिलं होतं.

तुमचा मूळ स्कॅन मोठा करून बघितला. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर बारीक गोल ठिपके आहेत. गाळाच्या डागाला कड असते, तो ओघळतो, पसरतो. हे ठिपके तसे नाहीत. प्रत्येकाला एका बाजूला सावली आहे आणि दुसऱ्या बाजूला उजेडाची बारीक कड. ते खड्डे आहेत. यजमानांना लहानपणी देवी आल्या होत्या का, एवढं आज्जींना विचारा. तुम्ही हीलिंग ब्रशनं डाग म्हणून पुसलेत ते बहुतेक देवीचे वण आहेत, आणि उरलेसुरले ॲपनं पुसले.

हे माझ्या लगेच डोळ्यात भरलं, कारण ते पुसायचं काम मी आयुष्यभर केलंय. साताऱ्यात ब्रोमाइडच्या जमान्यात निगेटिव्ह रिटचिंग डेस्कवर ठेवायची, खालनं उजेड, आणि टोकदार शिसपेन्सिलीनं एकेक ठिपका भरायचा. वण प्रिंटमध्ये काळा येतो म्हणजे निगेटिव्हवर तिथं पारदर्शक असतो. पेन्सिलीनं तो दाट केला की प्रिंटमध्ये गाल सपाट. लग्नाला दाखवायच्या मुलींचे फोटो तर असेच यायचे, आणि आई दबक्या आवाजात सांगायची, "तेवढं बघा जरा." तेव्हा लोक सांगून पुसून घ्यायचे. आता ॲप न विचारता पुसतं.

टेक्स्चरायझरबद्दल थोडं बोलतो. तो सगळ्या फोटोवर एकाच मापाची वीण अंथरतो. पोत्याला फुगवटा असो, घडी असो, वीण आपली सपाट. औंधला कधी गेलात तर श्रीभवानी संग्रहालयातली तैलचित्रं तिरकी उभं राहून बघा. कॅनव्हासची वीण सगळीकडं सारखी दिसत नाही. रंग पातळ लागलाय तिथं दिसते, जाड थर आहे तिथं बुडते. आम्हीसुद्धा डार्करूममध्ये टेक्स्चर स्क्रीन वापरायचो. निगेटिव्हला जोडून एन्लार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रात, ठेवायची, कागदावर चित्राबरोबर जाळीही उतरायची. निसर्गदृश्याला बरी दिसायची. माणसाच्या तोंडावर कधी चांगली दिसली नाही.

आता तुमचा ओव्हरले मळका का झाला ते. ओव्हरलेमध्ये १२८ चा राखाडी म्हणजे शून्य, त्यानं खालचं काहीच बदलत नाही. त्याहून उजळ असेल तिथं उजळतं, काळं असेल तिथं काळवंडतं. तुमचं टेक्स्चर तपकिरी आणि सरासरीनं गडद, मग सगळा फोटो तिकडंच ओढला जाणार. कुठलंही टेक्स्चर आधी डीसॅच्युरेट करा, मग लेव्हल्समध्ये मधला त्रिकोण सरकवून हिस्टोग्राममध्ये मीन १२८ च्या आसपास आणा. मल्टिप्लायला मात्र शून्य म्हणजे पांढरा. त्यात फोटो कधी उजळत नाही, काळाच होत जातो.

पण हे पुढच्या कामांसाठी. या फोटोला बाहेरचं टेक्स्चर लागणारच नाही. जे हवंय ते त्या ४ × ६ च्या कागदात आहे.

आधी परत स्कॅन करा. १२ × १८ ला लांबीच्या बाजूनं इंचाला ३०० प्रमाणे ५४०० पिक्सेल लागतात. मूळ फोटो ६ इंच लांब, म्हणजे स्कॅन ९०० डीपीआयचा पाहिजे. तुमच्याकडं १८०० पिक्सेल होते, ते तिप्पट ताणलेत. आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे म्हणून ग्रेस्केलला करू नका. रंगीत स्कॅन करा, कारण पुढं लागेल.

मग तोच फोटो काचेवर उलटा फिरवून, डोकं खाली, दुसरा स्कॅन. कॉम्प्युटरवर तो १८० अंशांत फिरवून सरळ करायचा आणि पहिल्यावर ठेवायचा. वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा आणि ॲरोच्या कळांनी सरकवत राहा. दोन्ही तंतोतंत जुळले की चित्र जवळपास काळं होतं, फक्त जाळी उरते. मग मोड नॉर्मल, ओपॅसिटी ५०.

यानं होतं काय? स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो, त्यामुळं कागदाच्या प्रत्येक उठावाची सावली एकीकडं पडते. कागद फिरवला की ती दुसरीकडं पडते. दोन्हीची सरासरी काढली की चमक आणि सावली एकमेकांना खातात. वणाची सावली मात्र १९७८ च्या उन्हानं पाडलेली आहे, कागद कसाही फिरवा, ती जागची हलत नाही. म्हणजे जाळी मरते आणि वण राहतो. कुठल्याही ॲपला हे दोन वेगळे करता आले नसते, त्याला दोन्ही ठिपकेच.

त्यानंतर चॅनेल मिक्सर. मोनोक्रोमवर टिक, रेड १००, ग्रीन आणि ब्लू शून्य. पिवळा-तपकिरी डाग ब्लू चॅनेलमध्ये सगळ्यात काळा असतो आणि रेडमध्ये सगळ्यात फिका. रंगीत स्कॅन त्यासाठीच. उरेल तेवढंच हीलिंग ब्रशनं करा, आणि वणावर ब्रश नेऊ नका.

आज्जींना आधी विचारा मात्र. मी चुकीचा असलो तर सगळंच ओमफस.

खणभागकर:

काका, अंगावर काटा आला. आज्जींच्या नातवाच्या मोबाइलवर फोन केला. मी "आज्जी, तोंडावर..." एवढंच म्हणालो तर त्याच म्हणाल्या, "देवी आल्या हुत्या न्हवं. सात वर्साचं असताना. लगीन ठरताना माझी आई रडली हुती, असलं तोंड म्हणून." आणि हसत बसल्या.

मी त्यांच्या नवऱ्याचं तोंड पुसून वर चहा पाजून पाठवलं होतं त्यांना.

रात्री दोन्ही स्कॅन केले. डिफरन्सला जुळवायला पाऊण तास गेला, कारण कागद पुरात वाकलाय आणि चेहरा जुळला की पाय सरकतात. शेवटी म्हटलं, चेहऱ्यापुरतंच जुळवू. रेड चॅनेलनं तर कमाल झाली, कपाळावरचा डाग गेल्यातच जमा. एक अडचण आहे. डाव्या जबड्यावर गाळ चांगलाच जाड बसलाय, तिथं रेडमध्येही काळपट ठिगळ दिसतं. तिथंच चार-पाच वण आहेत. हीलिंग केलं तर वण जातात, नाही केलं तर दाढी वाढल्यासारखं दिसतं.

जिंपवाली_विटा:

यासाठी जिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार सोय आहे, आणि ते फुकट आहे. फिल्टर्स, एनहान्स, वेव्हलेट डीकंपोज. २.१० पासून आतच असतं. ते फोटोचे पाच-सहा लेयर पाडतं. सगळ्यात बारीक तपशील एका लेयरवर, त्याहून जाड दुसऱ्यावर, असं करत तळाला नुसता उजेड-अंधार. वण मधल्या कुठल्या तरी लेयरवर सापडतील, गाळाचं ठिगळ तळाच्या लेयरवर. तळाचं ठिगळ पुसा, वणांच्या लेयरला हातच लावू नका. पीठ चाळताना कोंडा चाळणीत राहतो, तसं.

मी शाळेत शिकवते, आमच्या लॅबमध्ये सगळीकडं लिनक्स. मुलांना ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज शिकवताना हेच हातानं करून घेते. मूळ लेयरवर त्याचीच धूसर केलेली कॉपी ठेवून मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करायचा, मग न्यू फ्रॉम व्हिजिबल. जो राखाडी लेयर मिळतो तो म्हणजे निव्वळ टेक्स्चर. तो ग्रेन मर्जनं कशावरही बसवता येतो. एकदा एका पोरानं त्याच्या आजोबांच्या सुरकुत्या स्वतःच्या फोटोवर बसवल्या. वर्ग आठवडाभर त्याला तात्या म्हणत होता.

माहुलीकर:

बाईंनी सांगितलं ते उत्तम. खणभागकर, तुमच्या ७ नंबरमध्ये हेच असं करा. सरासरी काढलेल्या लेयरची कॉपी, तिच्यावर फिल्टर, अदर, हाय पास. तो फक्त बारीक तपशील ठेवतो, बाकी राखाडी करतो. रेडियस वणाच्या मापाएवढा. ९०० डीपीआयला ६ ते ८ पिक्सेल पुरे, वण दिसला पाहिजे आणि जबड्याची सावली दिसायला नको. त्या लेयरचा मोड लिनिअर लाइट, ओपॅसिटी ५०. शंभर ठेवलीत तर तपशील दुप्पट होऊन वण भाजल्यासारखे दिसतील. खालच्या लेयरवर जबडा बिनधास्त गुळगुळीत करा, वण वरनं येणार आहेत. तुमच्या ॲपनं केलेला जबडासुद्धा खाली घाला हवा तर. तेवढाच त्याचा उपयोग.

हाय पास लेयरला काळा मास्क टाकून फक्त जबड्यावर पांढऱ्या ब्रशनं उघडा. बाकी चेहरा मूळचाच राहू दे.

आता थप्पी. क्लोन स्टॅम्पनं तुम्ही एकच पोतं सहा वेळा छापलंय, शिवणसुद्धा तिथंच फाटलेली. नेटवरचं गोणपाट नको. हळदीच्या मार्केट यार्डात जा आणि थप्पीचाच फोटो काढा. विणीचा तुकडा काढू नका, आख्खी थप्पी काढा, म्हणजे फुगवटे आणि घड्या आपसूक येतील. यजमानांच्या नाकाची सावली फोटोत उजवीकडं पडलीय, म्हणजे ऊन डावीकडनं. थप्पीवर ऊन तसंच येईल अशी वेळ बघा. टळटळीत दुपारी वीण दिसत नाही, तिरकं ऊन लागतं.

तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बसवलात की डोळ्यात खुपेल, कारण त्यात खरा काळा आणि खरा पांढरा आहे. जुन्या कागदात दोन्ही नसतात. आयड्रॉपर मूळ फोटोतल्या धोतराच्या सगळ्यात पांढऱ्या जागी आणि पेवाच्या तोंडातल्या सगळ्यात काळ्या जागी ठेवून आकडे लिहून घ्या. मग नव्या थप्पीला लेव्हल्समध्ये खालच्या पट्टीवर, आउटपुटला, तेच दोन आकडे द्या. थोडा गॉसियन ब्लरही द्या, त्या काळच्या साध्या लेन्सला एवढी धार नव्हती.

सगळ्यात शेवटी ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा, सगळ्यांवर एकच. आल्ट दाबून नवीन लेयर, मोड ओव्हरले, खाली ५० टक्के राखाडीनं भरायचा पर्याय येतो त्यावर टिक. त्यावर ॲड नॉइज, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक, ६ ते ८ टक्के, मग अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. ओव्हरलेमुळं दाणा मधल्या करड्या भागातच दिसतो, पांढऱ्यात आणि काळ्यात विरतो. फिल्मच्या प्रिंटवरही दाणा तसाच दिसायचा. जुनं, नवं, पुसलेलं, भरलेलं सगळं या एका चाळणीखालनं गेलं की एकजीव दिसतं.

आणि पूर्ण प्रिंट काढू नका. १२ × १८ च्याच मापात चेहऱ्याचा ४ × ६ चा तुकडा कापून तेवढाच छापून बघा. आम्ही डार्करूममध्ये कागदाची पट्टी आधी काढायचो, तीच सवय.

खणभागकर:

आठवडा गेला, पण झालं.

यार्डात सकाळी साडेआठला गेलो. तागाची पोती शोधावी लागली, अर्ध्या थप्प्या प्लॅस्टिकच्या. एक हमाल म्हणाला, "हळदीचा फोटू काढा की, पोत्याचा काय काढताय?" त्याला १९७८ चा फोटो मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, तुम्ही काढताय ती पोती उभी चुकीची लावलीयत, तोंडं भिंतीकडं असतात. फोटोत बघितलं तर खरंच, शिवणीची तोंडं आत आहेत. मग त्यानंच त्याच्या दोस्ताला हाक मारून चार पोती तशी लावून दिली. हे तुमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं, काका.

४ × ६ चा तुकडा लॅबला पाठवला. आला तर वण असे टपोरे, की देवी आत्ताच आल्यात असं वाटावं. मी माझ्या फाइलवर डोकं आपटून घेतलं. मग कळलं की लॅबचं मशीन आपलं आपण शार्पनिंग करतं. काउंटरवरच्या पोराला "करेक्शन बंद ठेवून छाप" म्हटलं, तर म्हणाला, असं आजवर कुणी सांगितलं नाही. दुसरा तुकडा बरोबर आला. ग्रेन मी ८ वरनं ५ वर आणला, ८ ला मुंडासं रवाळ दिसत होतं.

काल आज्जी आल्या. चष्मा काढला, फोटो अगदी नाकाशी नेला. थप्पीकडं बघितलंच नाही, ज्यासाठी मी दोन दिवस घातले. अंगठा गालावर ठेवला आणि म्हणाल्या, "हां, हितं एक मोठा हुता." होता. जबड्यावर, त्याच ठिगळातला. पैसे मी नको म्हणत असताना टेबलावर ठेवून गेल्या, वर कागदात बांधून हळकुंडं.

आज सकाळी त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन. वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लावायचाय, तोच फोटो पाहिजे, "फक्त ते तोंडावरचं तेवढं काढून द्या." काय करू?

माहुलीकर:

द्या काढून, फ्लेक्सवर तसंही काही दिसत नाही. पण वणाच्या फाइलची एक कॉपी सीडीवर घालून आज्जींच्या हातात द्या, मुलाच्या नको.